नकलांची रुजवात

एकच मजकूर अनेक ठिकाणी असावा आणि तरीही तो एकच राहावा, ही अपेक्षा चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या वाहनांसाठी संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला रोज संध्याकाळी नव्याने पुरी करावी लागते. तळवड्याच्या कचेरीतला संगणक, बरोबर हिंडणारा लॅपटॉप, घरून काम करण्याच्या दिवसांसाठी निगडीला ठेवलेले यंत्र, आणि चाकणच्या चाचणीकक्षातला, सुरक्षेपायी इंटरनेटपासून मुद्दाम अलग ठेवलेला चौथा संगणक, या सर्वांवर ब्रेकचे, बॅटरीचे, संदेशवहनाचे आणि चाचण्यांचे असे अनेक रेपो, म्हणजे प्रोग्रामचे इतिहासासकट ठेवलेले संग्रह, आहेत. आणि यांतली कोणती प्रत आज प्रमाण मानावी, या प्रश्नाचे उत्तर झोपण्यापूर्वी निश्चित असावे लागते.

हे उत्तर मिळण्याची सोय गिट या, प्रोग्रामांतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाने करून ठेवली आहे. लिनक्सच्या कर्नलचे काम बिटकीपर नावाच्या ज्या तशाच साधनावर चालत असे त्याचा विनामूल्य परवाना बंद झाला, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट रचले, आणि त्यात अस्सल दप्तर एकाच ठिकाणी असले पाहिजे ही सक्तीच ठेवली नाही. प्रत्येक नकलेत सारा इतिहास असतो. प्रत्येक कमिटवर, म्हणजे नोंदवलेल्या बदलावर, कर्त्याचे नाव, वेळ आणि हेतू सांगणारी ओळ असते. आणि मजकूर, पूर्वेतिहास व ही नोंद यांतूनच गणिताने निघालेली ४० अक्षरांची खूण असते, जी एक स्वल्पविराम हलला तरी पालटते. म्हणून दोन यंत्रांवरच्या खुणा जुळल्या, की तेथवरचा इतिहास आरंभापासून एकच आहे असे मानण्यास प्रत्यवाय उरत नाही.

दिवसाअखेर मी चालवतो ती स्क्रिप्ट लहानशीच आहे. ती एकामागून एक फोल्डरांत शिरते, नवे कमिट आणते, आणि इथली प्रत केवळ मागे पडली असेल तरच ती पुढे सरकवते. दोन यंत्रांवर दोन निरनिराळे बदल होऊन वाट फुटली असेल, तर ती तेथे थांबते आणि रेपोचे नाव लाल अक्षरांत दाखवते. अशा ठिकाणी आपल्या बुद्धीने मर्ज करण्याचा अधिकार मी तिला दिलेला नाही. कमिट न केलेल्या फाइली, स्टॅशमध्ये टाकून ठेवलेले अर्धवट काम, कधीच पुश न झालेल्या ब्रँच, यांची यादीही ती देते, कारण पुशबरोबर स्टॅश जात नाही आणि त्याचा विसर सर्वांत लवकर पडतो. चाचणीकक्षातल्या संगणकासाठी गिट बंडल करावे लागते: इतिहासासकट सारे कमिट एका फाइलीत बांधायचे, तपासणी झालेल्या पेनड्राइव्हवरून आत न्यायचे, आणि तिथे खुणा ताडून पाहायच्या.

सारे फोल्डर क्लाउडवर ठेवून द्यावेत, म्हणजे ते आपोआप सारखे राहतील, असे म्हणणारे मित्र मला भेटतात. मला हा मार्ग मुळीच मान्य नाही. अर्धवट उतरलेल्या अंतर्गत फाइलींनी रेपो बिघडतो हे तर आहेच. पण बदल कोणी आणि कोणत्या हेतूने केला याची साक्ष नसताना नुसता मजकूर सर्वत्र पसरवणे याला मी रुजवात म्हणणार नाही.

या मुलखाला नकलांचा प्रश्न अनोळखी नाही. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे या चाकणचेच. मुंबई सरकारच्या साहाय्याने १८६९ पासून त्यांचा गाथा छापला गेला, तेव्हा शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील वह्या एकमेकींशी ताडल्या गेल्या; पुढे वि. ल. भावे यांनी संताजींच्या वह्यांवरून आपला अस्सल गाथा सिद्ध केला. त्याही आधी शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती शोधून तिचा पाठ शुद्ध केला आणि तीत कोणी पदरची ओवी घालू नये अशी ताकीद दिली. या थोर पुरुषांच्या परिश्रमांचा विचार करताना मला राहून राहून वाटते, की वहीत पाठ सापडतो, पण तो कोणत्या कारणाने पालटला हे बहुधा सापडत नाही. आणि तेवढ्या एका उणिवेपायी विद्वानांची आयुष्ये अनुमानांत गेली.

आपल्याला मात्र कारण लिहायला जागा दिलेली आहे, आणि तिथे आपण ‘किरकोळ दुरुस्ती’ किंवा ‘मर्यादा बदलली’ असे लिहून मोकळे होतो. काय बदलले ते गिट स्वतःच दाखवते. ‘थंडीत सेन्सर स्थिर व्हायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीची वाचने सोडून दिली’ एवढे वाक्य तिथे असते, तर दोन यंत्रांवरच्या दोन बदलांपैकी कोणता ठेवावा हे आपल्यामागून त्या जागी येणाऱ्या माणसाला क्षणात ठरवता आले असते. गाडी रस्त्यावर दहा-पंधरा वर्षे धावते, आणि तिचा प्रोग्राम लिहिणारा तोवर कंपनी सोडून गेलेला असतो. तेव्हा चाकण, भोसरी, तळवडे येथल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे, की आज संध्याकाळी पुश करण्यापूर्वी त्या ओळीत बदलाचे कारण लिहा.