दोन रात्रींच्या मधला एक दिवस

कोल्हापूरहून रात्री सुटणारी महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी मुंबईला पोहोचते आणि त्याच रात्री मुंबईहून परतीची गाडी मिळते. या दोन रात्रींच्या मध्ये जो एक दिवस हाती येतो, तेवढ्यात आमच्या कृष्णाकाठच्या गावच्या शाळेची सहल बसवायची होती. वर्ष 2019, महिना डिसेंबर. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने शिरोळ तालुक्यातील अनेक गावांप्रमाणे आमचेही गाव वेढले होते. घरे पडली, जनावरे गेली, मुलांची दप्तरे चिखलात रुतली. ‘या वर्षी सहल नको’ असेच सर्वांचे मत होते. परंतु मुंबईतील एका सद्गृहस्थांनी खर्चाचा भार उचलला आणि मुख्याध्यापक म्हणाले, “मुलांनी यंदा पाणी फार पाहिले, आता समुद्रही पाहू द्या.”

मी नुकताच बँकेतून सेवानिवृत्त झालो होतो. हिशेब ठेवण्यासाठी आणि मुले मोजण्यासाठी एक जबाबदार माणूस हवा म्हणून शिक्षकांनी मला सोबत घेतले. मुले बेचाळीस, शिक्षक तीन आणि मी. आयुष्यभर रोकड मोजलेल्या माणसाला बेचाळीस मुले मोजणे काय अवघड, असे मला वाटले होते.

सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरल्यावर मुलांना प्रथम बाहेर नेऊन मागे वळून पाहावयास लावले. कारण रेल्वेने येणारा मनुष्य या वास्तूच्या पोटातून बाहेर पडतो आणि वास्तू न पाहताच निघून जातो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार 1878 मध्ये हिचे काम सुरू झाले आणि पुढे सुमारे दहा वर्षे चालले. 2004 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. याच परिसरातील बोरीबंदरहून 16 एप्रिल 1853 रोजी ठाण्याला पहिली प्रवासी आगगाडी निघाली होती. मुलांनी घुमटावरची स्त्रीमूर्ती पाहिली, भिंतींवर कोरलेले प्राणी शोधले; आणि एकाने विचारले, “सर, एवढ्या माणसांत कुणी कुणाला ओळखतं का?” त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही.

सी. पी. टँकजवळील हिराबाग धर्मशाळेत स्नान व अल्पोपाहार आटोपून भाड्याच्या बसने आम्ही गेटवे ऑफ इंडियाला पोहोचलो. 1911 मध्ये पंचम जॉर्ज बादशहा मुंबईत उतरले, त्याची स्मृती म्हणून ही कमान उभारायचे ठरले. प्रत्यक्षात ती पूर्ण झाली 1924 मध्ये. आणि 28 फेब्रुवारी 1948 रोजी ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी याच कमानीखालून निघून गेली. ज्यांच्या आगमनासाठी दार बांधले, त्यांच्या प्रस्थानासाठीच ते अधिक स्मरणात राहिले. मुलांचे मात्र कमानीकडे फारसे लक्ष नव्हते. ती कठड्याला खेटून समुद्राकडे पाहत होती. चार महिन्यांपूर्वी पाण्याने ज्यांना छपरावर बसविले होते, त्या मुलांच्या चेहऱ्यावर भीती असेल असे मला वाटले होते. पण एक मुलगा शेजारच्याला म्हणाला, “ह्याला काठ हाय बघ.” तेवढ्यावरच त्यांचे समाधान झाले.

दुपारी बसमध्येच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन आम्ही हॉर्निमन सर्कलला आलो. हा भाग सहलीच्या यादीत माझ्या आग्रहावरून घातला होता. एशियाटिक सोसायटीचा टाऊन हॉल 1833 मध्ये पूर्ण झाला. त्याच्या समोरच्या मोकळ्या जागेत वडाच्या झाडाखाली जमून शेअर दलाल व्यवहार करीत आणि त्यांतूनच 1875 मध्ये दलालांची संघटना, म्हणजे आजचा मुंबई शेअर बाजार, उभी राहिली. पलीकडे रिझर्व्ह बँकेची उंच इमारत दिसते. ही बँक 1 एप्रिल 1935 रोजी स्थापन झाली आणि 1937 मध्ये तिचे मध्यवर्ती कार्यालय कोलकात्याहून कायमचे मुंबईस आले. मी मुलांना बोट दाखवून म्हणालो, “तुमच्या खिशातल्या प्रत्येक नोटेवर वचन असते. ते वचन देणारी बँक ती.” हे सांगताना माझ्या आवाजात थोडा अभिमान होता, हे मान्य केले पाहिजे.

तेथून जवळच, फिरोजशहा मेहता मार्गावर, रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आहे. 2004 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. प्राचीन आहत नाण्यांपासून आजच्या कागदी नोटांपर्यंत पैशाचा सारा प्रवास तेथे मांडलेला आहे. मुलांना सर्वांत मौज वाटली ती चलनातून गेलेल्या नाण्या-नोटांची. “म्हंजे ह्येला आता काय बी येत न्हाई?” असा प्रश्न वारंवार येत होता आणि मी दरवेळी पाठ दिल्यासारखे उत्तर देत होतो.

परत येऊन टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर मुलांना रांगेने बसविले आणि मोजले. एकेचाळीस. पुन्हा मोजले. एकेचाळीस. रोकड कमी भरल्यावर रोखपालाच्या पोटात जो खड्डा पडतो तो मला ठाऊक होता; पण तेथे तूट स्वतःच्या खिशातून भरता येते. शिक्षक संग्रहालयाकडे धावले. मी दुसऱ्या बाजूने निघालो आणि काही मिनिटांतच ती दिसली. सातवीतील, दोन वेण्यांची, सहसा न बोलणारी मुलगी. रिझर्व्ह बँकेच्या फाटकाशी ती उभी होती आणि पहारेकरी खाली वाकून तिच्याशी अतिशय सौम्यपणे काही बोलत होता.

तिच्या हातात चार नोटा होत्या. पाचशेच्या, जुन्या.

“सर, आजीनं दिल्यात. हितं बदलून मिळत्यात म्हणं,” ती म्हणाली. “आजीला ब्यांकेतल्या सायबांनी सांगितलं हुतं. मुंबईला जावं लागंल म्हणून. पुरात म्हस गेली, तवा आजी म्हणाली, आता मुंबईला जातीस तर घिऊन जा.”

मी नोटा हातात घेतल्या. चारही नोटांच्या कडेला सुईने पाडलेल्या छिद्रांची बारीक ओळ होती. ती ओळ मी पूर्वी पाहिली होती.

जानेवारी 2017 चा पहिला आठवडा. 8 नोव्हेंबरच्या घोषणेनंतर पन्नास दिवस आम्ही शाखेत अक्षरशः रात्रीचा दिवस केला होता. 30 डिसेंबरला मुदत संपली आणि आम्ही श्वास सोडला. त्यानंतर एक वृद्ध बाई आल्या. वाकळेच्या अस्तरात शिवून ठेवलेल्या चार नोटा त्यांना उशिरा आठवल्या होत्या. नियम स्पष्ट होता. मुदतीनंतर रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत नोटा स्वीकारल्या जात होत्या, परंतु त्या मुदतीच्या काळात परदेशी असलेल्या नागरिकांच्याच. या बाई परदेशी तर सोडाच, कोल्हापूरपलीकडेही गेल्या नसाव्यात. त्यांना सांगायचे ते एकच होते, की आजी, हे पैसे गेले. ते सांगण्यासाठी त्यांना बसवावे लागले असते, त्यांचे रडणे पाहावे लागले असते. त्यांच्यामागे रांग होती. मी म्हणालो, “आजी, हे इथे होत नाही. त्यासाठी मुंबईला रिझर्व्ह बँकेत जावे लागेल.” त्या मुंबईला जाणार नाहीत, हे मला पक्के ठाऊक होते. म्हणूनच मी ते बोललो.

मी नियम मोडला नव्हता. कोणत्याही तपासणीत माझ्यावर ठपका आला नसता. पण माझ्या सोयीच्या त्या एका वाक्यावर एका घराने तीन वर्षे आशा ठेवली. पुराचे पाणी उंबऱ्याशी आले तेव्हा जी पेटी डोक्यावर घेऊन ती बाई बाहेर पडली असेल, त्या पेटीत मी दिलेले ते खोटे वचनही होते.

आम्ही मुलांकडे परतलो. पायऱ्यांवर बेचाळीस हा आकडा पुरा झाला. मनातला हिशेब मात्र उघडाच राहिला.

संध्याकाळी ओव्हल मैदानावर बसलो. या मैदानाच्या एका बाजूस गॉथिक शैलीच्या भव्य वास्तू आणि दुसऱ्या बाजूस आर्ट डेको इमारतींची रांग; दोन्ही मिळून 2018 मध्ये जागतिक वारसा ठरल्या. समोर 280 फूट उंचीचा राजाबाई टॉवर. आपल्या समाजाला या मनोऱ्याची कथा परिचित आहे. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी 1864 मध्ये दिलेल्या देणगीतून तो उभा राहिला आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव त्याला लाभले. मातोश्रींची दृष्टी अधू होती. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम त्यांना घड्याळाच्या ठोक्यांवरून पाळता यावा, अशी मुलाची इच्छा होती, असे सांगतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि त्या तेजीवर उभे राहिलेले मुंबईचे व्यवहार पत्त्याच्या घराप्रमाणे पडले. प्रेमचंदांचेही अपरिमित नुकसान झाले. पण आईसाठी दिलेला शब्द दगडात उतरला. 1878 मध्ये मनोरा पूर्ण झाला आणि आजही तो वेळ सांगतो आहे.

त्या मनोऱ्याच्या घड्याळाकडे पाहतच आमच्यातील सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या मुलांनी डबे उघडले. मग बाकीच्यांनीही उघडले. मी त्या मुलीजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, “बाळ, आजीला मुंबईला जायला सांगणारा साहेब मीच. ते खरे नव्हते. या नोटा इथेही बदलत नाहीत, कुठेच बदलत नाहीत. मला त्याच दिवशी हे सांगायला हवे होते.” तिने हातातला घास खाली ठेवला. बराच वेळ ती घड्याळाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “आजीला मी न्हाई सांगणार. तुमीच सांगा.”

मरीन ड्राइव्हवर सूर्य समुद्रात उतरताना सारी मुले ओरडली, तीही ओरडली. रात्री गाडीत तीनदा मोजणी केली.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी तिच्या घरी गेलो. एका बाजूची भिंत अजून पत्र्याची होती. आजी चुलीपुढे बसल्या होत्या. मी सारे सांगितले, क्षमा मागितली आणि खिशातून दोन हजार रुपयांचे पाकीट काढले. त्यांनी ते माझ्याकडे परत सरकविले.

“मला तवाच जरा शंका आली हुती,” त्या म्हणाल्या. “पर तुमच्यापुढं रांग हुती. म्हटलं, मोठा माणूस खोटं कशाला बोलंल.”

मजजवळ त्यावर शब्द नव्हते. दहापर्यंत जुन्या नोटा जवळ ठेवणे हा कायद्याने गुन्हा नाही, एवढे मात्र मी त्यांना या वेळी नीट, पूर्ण आणि खरे सांगितले. त्यांनी नोटा पुन्हा पेटीत ठेवल्या. मग नातीला जवळ ओढून म्हणाल्या, “ते ऱ्हाऊ दे. समिंदर कसा हाय, ते सांग मला.”

ती सांगू लागली. मी उठायला निघालो होतो, तो पुन्हा बसलो. बँकेत असताना मी कुणाचेही बोलणे इतका वेळ ऐकले नव्हते.