माइक एक वीत मागे

साउंड इंजिनिअरिंग शिकायला येणाऱ्या पोराची पहिली नजर कन्सोलवर जाते. जाणारच. फेडरची लांबलचक रांग, लुकलुकणारे मीटर, चाकांची खुर्ची. तिथं बसलेला माणूस काहीतरी भारी करतोय असं लांबून वाटतं. प्रत्यक्षात विद्यार्थ्याच्या हाती आधी येते ती केबल. ती गुंडाळायचीही रीत असते: एक वेढा सरळ, पुढचा उलटा, म्हणजे पीळ बसत नाही आणि आतली तार टिकते. मग स्टँड लावा, गायकाला कोमट पाणी हवंय का विचारा, एसी बंद करा. अंधेरीतल्या एका स्टुडिओत मी हेच करत होतो. पण केबल ओढता ओढताच माइक कुठं लागतो ते दिसतं, आणि माझ्या मते या धंद्यातलं निम्मं शिक्षण तेवढंच आहे.

वर्गात शिकवतात ते खोटं नसतं, पण पुस्तकं विलायती. ड्रम किटला माइक कसे लावायचे यावर पानंच्या पानं. तानपुऱ्याचं नाव नाही. त्यामुळे पोरं स्नेअरचा नियम तबल्याला लावायला जातात. आमच्याकडे एकदा एक बुजुर्ग तबलावादक आले होते. तबल्याला आणि डग्ग्याला स्वतंत्र माइक, तेही पुडीला जवळजवळ टेकलेले. टेक ऐकून बुवा शांतपणे म्हणाले, "छान वाजतोय. कुणाचा आहे?"

चाटेवरचा 'ना' कानाला टोचत होता आणि डग्ग्याचा घुमारा पार बसला होता. आमच्या सरांनी इक्यूला हात लावला नाही. ते आत गेले, दोन्ही माइक वीतभर मागे आणि थोडे वर घेतले, पुन्हा एक कायदा वाजवून घेतला. "हं, आता माझा," बुवा म्हणाले आणि पानाचा डबा उघडला.

यात जादू काही नाही. वाद्याचा आवाज एका बिंदूतून येत नाही. पुडी, शाई, लाकूड, डग्ग्याचं भांडं, आतली हवा हे सगळं मिळून थोड्या अंतरावर तबला 'तयार' होतो. तिथं आणखी एक भानगड असते, फेजची. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटीमीटर जातो. एकच ठोका दोन माइकवर सारख्याच ताकदीने पोचला आणि अंतरात 17 सेंटीमीटरचा फरक पडला, की दोन्ही ट्रॅक एकत्र करताना 1000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. मग कितीही इक्यू फिरवा, जे उरलंच नाही ते वाढणार कुठून? माइक जरासा हलवला की काम होतं.

तानपुऱ्याचं तर विचारूच नका. माइक घोडीजवळ नेला तर जवारीची नुसती चरचर, भोपळ्यासमोर नेला तर घूं घूं. दोन्हींच्या मध्ये, थोडं दूर, कुठंतरी तो खरा बोलतो. ती जागा दर तानपुऱ्याला वेगळी. ती शोधायला गुडघे टेकून, एक कान बोटाने बंद करून वाद्याभोवती फिरावं लागतं. बघणाऱ्याला हसू येतं. येऊ दे.

अंतराचं हे शहाणपण जुनंच आहे. 1902 मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा माइक नव्हताच. कर्ण्यात गायचं, तेही जेमतेम तीन मिनिटं. त्या काळात आवाजांचा मेळ साधायचा तर कोण कर्ण्याजवळ आणि कोण मागे, एवढंच हातात असे. माइकने रेकॉर्डिंग करायची पद्धत आली 1925च्या सुमारास. आज लॅपटॉपमध्ये हवा तेवढा सरंजाम आहे, आणि नेमकं म्हणूनच "मिक्समध्ये बघू" हे वाक्य जन्माला आलंय. ज्या ज्या सेशनला मी ते ऐकलं, तिथं मिक्सच्या वेळी कपाळाला हात लावायची पाळी आली.

आणि आपल्या कानावर तरी भरवसा किती ठेवायचा? फेडर जरा वर केला की कुठलंही मिक्स सुधारल्यासारखं वाटतं. आवाज लहान असताना कान खालचे स्वर कमी ऐकतो, हे बेल लॅब्सच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवून दिलं. म्हणून दोन टेक तोलायचे तर आधी त्यांची लेव्हल सारखी करायची, नाहीतर मोठा आवाज दरवेळी जिंकतो. हा साधा नियम पाळणारे विद्यार्थी मला फार थोडे भेटले. बाकीचे नवं प्लगिन शोधत असतात.

आज खासगी कोर्सची फी लाखांच्या घरात जाते. ती भरण्याआधी एक करा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जा, कुणी कारागीर जवारी लावत असेल तर परवानगी विचारून शेजारी बसा. आधी घोडीजवळ ऐका, मग भोपळ्याजवळ, मग हातभर लांबून. हेडफोन घरीच ठेवा.