अटकेपार झेंडा

१९८३ सालचा जून महिना. गिरण्यांचा संप सुरू होऊन दीड वर्ष होत आले होते. नायगावच्या बी. डी. डी. चाळींत अनेक घरांच्या चुली मंदावल्या होत्या. अशा दिवसांत एका गिरणीकामगाराची मुलगी शालान्त परीक्षेत शाळेत पहिली आली! आईने पेढ्यांऐवजी साखर वाटली.

शेजारचे आजोबा निवृत्तीनंतर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात नित्य वाचायला जात. मुलीच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "पोरी, अटकेपार झेंडा लावलास!"

तिचा धाकटा भाऊ घाबरला. "आजोबा, ताईला अटक होणार?"

सारा मजला हसला. आजोबांनी त्याला जवळ घेतले.

"बाळ, ही अटक पोलिसांची नव्हे. अटक हे सिंधुकाठचे गाव. ते आज पाकिस्तानात आहे. तेथे अकबराने बांधलेला किल्ला आहे. सिंधू ओलांडून पलीकडे जाऊ नये, असा पूर्वी समज होता. १७५८ च्या एप्रिलमध्ये रघुनाथरावांच्या मराठी फौजांनी लाहोर घेतले. पुढे त्यांच्या तुकड्या अटकेपर्यंत पोहोचल्या. कोठे पुणे, आणि कोठे सिंधूचा तीर! तेव्हापासून मोठ्या यशाला आपण 'अटकेपार झेंडा लावला' असे म्हणतो."

"तो झेंडा अजून तेथे आहे?"

आजोबा क्षणभर थांबले. "नाही, बाळ. दीड वर्षातच पंजाब हातचा गेला. पुढे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा मोठा पराभव झाला."

"मग आपण अजून तसे का म्हणतो?"

"मुलूख गेला, पण जेथे जाऊ नये म्हणत तेथवर आपली माणसे गेली, ही आठवण राहिली. भाषेने ती जपली."

मुलीचे वडील दाराशी उभे राहून ऐकत होते. त्यांच्या घराण्यात सातवीपुढे कोणी शिकले नव्हते. निकालानंतर मुलीला कोठेतरी कामाला लावावे, असे त्यांनी मनाशी ठरविले होते. त्यांनी साखरेची चिमूट तोंडात टाकली आणि हळूच विचारले, "पोरी, महाविद्यालयाचा अर्ज कधी भरायचा?"

मुलगी काही बोलली नाही. तिने वाकून वडिलांना नमस्कार केला.