परदेशी जाणारे गणपती

गणपती भाद्रपदात येतात, असे पंचांग सांगते. पेणचे कारखानदार मात्र काही गणपतींना फाल्गुन-चैत्रातच निरोप देतात. हे गणपती परदेशी जाणारे. पेण-हमरापूरकडच्या मूर्ती आमच्याच जिल्ह्यातल्या न्हावा-शेव्याला बोटीवर चढतात, तेव्हा शिमग्याची राख पुरती निवलेलीही नसते.

रोह्याहून पेणला गेलो की मी एखाद्या कारखान्यात डोकावतो, आणि या हिशेबाचे मला नवल वाटते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला बोट महिनाभर, कधी अधिकही घेते. त्याआधी कंटेनर भरणे, नंतर तिकडची जकात. त्यात २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. पुष्कळ बोटी सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. दहा-पंधरा दिवस वाढले. पंचांगानेही नेमका तेव्हाच हात आखडता घेतला. चतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला होती, २०२४ साली ७ सप्टेंबरला, २०२५ साली २७ ऑगस्टला. बोट लांबली, तिथी अलीकडे आली; आणि शाडू तर उन्हाच्या कलानेच वाळणार!

लोखंड उशिरा पोचले तरी लोखंडच राहते. चतुर्थी उलटल्यावर पोचलेल्या मूर्तीचे मागवणाऱ्याने काय करावे? वर्षभर खोक्यात ठेवावे? म्हणून इथे दिवस चतुर्थीपासून उलटे मोजतात.

विसर्जनाच्या वेळी आपण देवाला पुढच्या वर्षी लवकर यायला सांगतो. लवकर म्हणजे किती लवकर, हे पेणला विचारावे.