चिठ्ठीवर न मावणारं

जायकवाडीचा उजवा कालवा आणि माजलगावचं धरण, या दोन पाण्यांवर आमच्या गटातला ऊस उभा असतो. कारखान्याच्या शेतकी खात्यात मी स्लिपबॉय. केस पिकले तरी बॉयच.

लागणीची नोंद घ्यायची, तोडणीचा प्रोग्राम आला की तोड द्यायची, गाडी भरली की स्लिप फाडायची. स्लिपवर शेतकऱ्याचा कोड, गट नंबर, उसाची जात, लागण की खोडवा, टोळी, वाहन. एवढ्याशा कागदावर शेतकरी, मुकादम, गाडीवान आणि काटा यांचा व्यवहार चालतो. पण जो तो हातचं राखून बोलतो.

आता लागणीची तारीख घ्या. तोडीचा नंबर तिच्यावर लागतो, म्हणून ती महिनाभर मागं ओढायचा मोह कुणालाही होतो. मी वाद घालत नाही. बुडख्यापासून कांड्या मोजतो. वाढीच्या दिवसांत महिन्याला किती पडतात, याचा अंदाज असतो. मध्येच आखूड कांड्या लागल्या की तेव्हा पाण्याचा ताण बसला होता, हेही कळतं. तोडीची टोळी आणणाऱ्या मुकादमाचंही तसंच. बारा कोयत्यांची आगाऊ उचल घेतलेली असते, म्हणून कमी आले तरी तो छातीठोकपणे बाराच सांगतो. मी टोळीच्या अड्ड्यावर जाऊन कोप्या मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यांची एक कोपी, म्हणजे झोपडी.

सगळ्यात जास्त लपवतो मात्र कारखाना, आणि तेही माझ्याच तोंडून. तोडीआधी पंधरा-वीस दिवस पाणी तोडायचं असतं, म्हणजे साखरेचा उतारा चांगला येतो. शेतकऱ्याने विचारलं तोड कधी, की ठरलेलं उत्तर : पुढच्या आठवड्यात. तारीख चुकली की शिव्या खाव्या लागतात, म्हणून ती कुणी सांगत नाही. तो बिचारा पाणी तोडून बसतो, तोड लांबते, ऊस वाळतो, टनेज घटतं. मी तारीख सांगणं सोडलंय, रांग सांगतो. "दादा, तुमच्या पुढं चार प्लॉट आहेत, टोळीत आठ कोयते, कोयत्यामागं दिवसाला दीड-दोन टन धरा. हिशेब तुम्हीच करा." कोयते घटले की परत फोन करतो. साहेबांना हे फारसं रुचत नाही, पण भांडणं कमी झालीत.

2021-22 च्या हंगामात ऊस इतका झाला की मराठवाड्यात गाळप जूनपर्यंत रेंगाळलं. मे महिन्यात गेवराई तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ऊस तुटत नाही म्हणून फड पेटवला आणि जीव दिला. त्याच वर्षी साखर आयुक्तालयाचं 'महा-ऊस नोंदणी' ॲप आलं. घरबसल्या नोंद होते, चांगलंच आहे. पण नोंद झाली म्हणून पुढं किती प्लॉट आणि टोळीत किती कोयते, हे कळत नाही. शेतकऱ्याचं खरं दुखणं तिथं आहे.

आता काट्यावर गाडी खाली झाली की वजनाचा मेसेज शेतकऱ्याच्या मोबाइलवर जातो. पण ज्यांनी तो ऊस तोडला त्यांना टनाचा आकडा कळतो तो मुकादमाच्या पंधरवड्याच्या बिलात, तोही मुकादम सांगेल तेवढाच. फडात मोळ्या बांधता बांधता एखादी बाई विचारते, "भाऊ, कालची खेप किती भरली?" मी वजनाची पावती काढून आकडा वाचून दाखवतो. तसा नियम नाही आणि कुणी मनाईही केलेली नाही. मुकादम तेवढा दोन दिवस माझ्याशी बोलत नाही.