चांदी राखून

इल्फर्डच्या एक्सपी-२ सुपरच्या डबीवर ‘सी-४१’ छापलेलं असतं. म्हणजे रोल कृष्णधवल, पण धुवायचा रंगीत फिल्मच्या रसायनांत, ३७.८ अंशांवर. चौकाचौकात कलर लॅब होत्या तेव्हा ही मोठी सोय होती. आता मला तो कोल्हापूरबाहेर पाठवावा लागला असता. मी घरीच धुतो, आणि तोही डी-७६ या कृष्णधवल डेव्हलपरमध्ये.

सी-४१चा डेव्हलपर प्रकाश लागलेल्या कणांची चांदी करतो, आणि ती होताना तिच्याभोवती रंगद्रव्य जमतं. मग ब्लीच आणि फिक्सर सगळी चांदी काढून नेतात. निगेटिव्हवर उरतो तो नुसता रंग. ज्या चांदीनं चित्र घडवलं तिलाच चित्रातून घालवायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. पैंजणांवर उभं राहिलेलं हुपरी इथून जवळ. चांदीचं मोल या मुलखाला वेगळं सांगावं लागत नाही.

डी-७६ कोडॅकचा, १९२७चा. लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. यातून रंग जमत नाही, चांदी मात्र होते. ब्लीच द्यायचाच नाही. हायपोच्या फिक्सरनंतरही ती जागेवर राहते. या फिल्मसाठी डी-७६ची वेळ डबीवर नसते. म्हणून चेंजिंग बॅगमध्ये रोलाचा एक तुकडा कापून आधी तो धुतो आणि त्यावरून वेळ ठरवतो. उन्हाळ्यात नळाचं पाणी वीस अंशांवर कुठलं यायला? घमेल्यात बर्फ टाकून बाटल्या बुडवून ठेवाव्या लागतात.

बाबूराव पेंटरांनी इथंच स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यानं ‘सैरंध्री’ काढली, १९२०मध्ये. साधन हाताशी नाही म्हणून काम अडवून ठेवायचं नाही, ही या गावाची जुनी रीत आहे आणि मला तिचा अभिमान आहे.

गेल्या हंगामात एक रोल गुऱ्हाळावर काढला. जळव्या चुलवाणात चिपाडं सारत होता; वर काहिलीची पांढरी वाफ, मागं काळोखी शेड. सी-४१मध्ये ही फिल्म असा उजेड-अंधार फार सहज पेलते, आणि उजेड जास्त पडला तर दाणा उलट बारीक होतो. डी-७६मध्ये तो मोठा होतो. वाफेत तो स्पष्ट दिसला. जळव्याच्या दंडावरची राख मात्र अशी उठून आली, की मला तो दाणा हवासाच वाटला.

लग्नाचे किंवा कुणाचे जोखमीचे फोटो असतील तर मी हा मार्ग सुचवणार नाही. तिथं लॅबच बरी. पण डी-७६मध्ये धुतलेल्या फिल्ममध्ये रंग जमवणारी द्रव्यं न वापरता तशीच पडून असतात. पुढं कधी चांदीला ब्लीचनं परत हॅलाइड करून रंगाच्या डेव्हलपरमध्ये घातलं, तर रंग तेव्हाही जमू शकतो. लॅबमधून आलेल्या निगेटिव्हमध्ये गेलेली चांदी मात्र परत आणता येत नाही. गुऱ्हाळाचा रोल मी तूर्त चांदीतच ठेवला आहे.