गाडीला एरंडेल

जगात रोग अनेक असले तरी मराठी माणसाच्या मते त्यांचं मूळ एकच आणि ते पोटात असतं. डोकं दुखो, डोळे चुरचुरोत, पोरगं गणितात नापास होवो, आमच्या आजीचा पहिला प्रश्न ठरलेला, "पोट साफ आहे का रे?" उत्तर काहीही आलं तरी उपायही ठरलेला. महिन्यातल्या एका रविवारी पहाटे आम्हां भावंडांना ओळीने बसवून एरंडेल पाजलं जाई. कुणाला काही होतंय की नाही, ही चौकशी त्या कार्यक्रमात बसत नसे. "होऊ नये म्हणून द्यायचं असतं," असं आजी म्हणे. या वाक्याला जगात उत्तर नाही. पुढे काही झालं, तर "बघ, वेळेवर घेतलं नाहीस." आणि काही झालं नाही, तर "बघ, घेतलंस म्हणून!"

आजी गेली, एरंडेलही गेलं. पण ते तत्त्वज्ञान काही गेलं नाही. ते मोटारींच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीला लागलं आहे.

आमच्याकडे एक मोटार आहे. पेट्रोलवर चालणारी, चार माणसं, दोन पिशव्या आणि सासूबाईंनी दिलेली लोणच्याची बरणी मावेल एवढी. २०१४ साली घेतली. वर्षातून एकदा तिला सर्व्हिसिंगला नेतो. तिथे सर्व्हिस ॲडव्हायजर नावाचा एक तरुण असतो. पांढरा शर्ट, हातात टॅब आणि चेहऱ्यावर ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येणाऱ्या डॉक्टरांचा भाव.

"सर, यंदा इंजेक्टर क्लीनिंग आणि इनटेक क्लीनिंग करून घेऊ या."

"का? काही बिघडलंय का?"

"नाही सर. बिघडू नये म्हणून."

मला त्या पांढऱ्या शर्टाच्या जागी क्षणभर नऊवारी लुगडं दिसलं.

त्याने टॅबवर एक फोटो दाखवला. कोळशाच्या वखारीत वर्षभर पडून असावं असं काहीतरी काळंकुट्ट. "हा व्हॉल्व्ह आहे सर. कार्बन बघा."

"हा माझ्या गाडीचा?"

"तुमच्या गाडीसारख्याच गाडीचा, सर."

म्हणजे दवाखान्यात जावं आणि डॉक्टरांनी शेजारच्या जोशांचा एक्स-रे दाखवून आपल्याला टेबलावर घ्यावं, तसलाच प्रकार. इंजेक्टरचे १,८०० रुपये, इनटेकचे १,२००, वर १८ टक्के जीएसटी. एकूण ३,५४०. मी "बघू" म्हणालो. मध्यमवर्गीय माणसाचा नकार याहून मोठा होऊ शकत नाही. तेव्हा त्याने शेवटचं अस्त्र काढलं. "ठीक आहे सर. पण रात्री-अपरात्री घाटात बंद पडली तर...?"

हे अस्त्र मात्र बरोबर लागलं. कारण आमच्या सासूबाई वाईला राहतात. वय ८४. एकट्या राहतात आणि "मला काय धाड भरली आहे?" असं म्हणतात. आमच्या गाडीचं या जगातलं खरं प्रयोजन म्हणाल तर तेवढंच आहे. भाजी आणायला रिक्षा मिळते, लग्नाला बस मिळते. पण वाईहून रात्री फोन आला तर पुण्याहून निघून खंबाटकी चढून जायला दाराशी चालती गाडी हवी. त्यामुळे "घाटात" हा शब्द ऐकला की आमची ही माझ्याकडे बघते आणि मी खिशाकडे बघतो.

साधं सर्व्हिसिंग करून गाडी घरी आणली आणि तिथून सरळ आमच्या मेस्त्रींकडे गेलो. हे मेस्त्री कार्बोरेटरच्या जमान्यातले. प्रीमियर पद्मिनी अडली की बॉनेट उघडायचं, कार्बोरेटरचा जेट काढायचा, तोंडात धरून एक फुंकर मारायची आणि परत बसवायचा. कचरा गेला, गाडी चालू! त्या फुंकरीचे दोन रुपये. २०००च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, मोटारींतून कार्बोरेटर हद्दपार झाला आणि इंजेक्टर आले. मेस्त्रींची फुंकर बेकार झाली. पण ते रडत बसले नाहीत. नवं शिकून घेतलं. आता ते आधी कॉम्प्युटर लावतात आणि मग कान.

"मेस्त्री, इंजेक्टर साफ करावेत का?"

"गाडी तक्रार करतीय का साहेब?"

"नाही."

"मग तुम्ही कशाला करताय?"

त्यांनी मला एक जुना इंजेक्टर हातात दिला. करंगळीएवढी वस्तू. आत विजेवर उघडझाप करणारी झडप आणि टोकाला केसासारखी बारीक भोकं. गाडी सिग्नलला उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं, म्हणजे हा गडी मिनिटाला ४०० वेळा पिचकारी मारतो आणि दर वेळी सेकंदाचे दोन-तीन हजारांश भागच उघडा राहतो. आमच्या सरकारी नोकरीच्या उभ्या हयातीत कुणी असं काम केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आता इंजिन बंद केलं की उष्णतेने टोकाशी उरलेलं पेट्रोल वाळतं आणि त्याची खरपुडी धरते. फार धरली की पिचकारीची धार होते. मग गाडी उभ्याउभ्या थरथरते, झटके देते, पेट्रोल जास्त खाते, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो.

"हे खोटं नाही साहेब," मेस्त्री म्हणाले. "इंजेक्टर चोंदतात. पण चोंदले की सांगतात. मुके नसतात."

"आणि तो काळा व्हॉल्व्ह?"

"तो फोटो खरा. पण गाडी दुसऱ्या जातीची."

इथे मला मोटारींतला जातिभेद समजला. आमच्यासारख्या साध्या गाडीत इंजेक्टर व्हॉल्व्हच्या अलीकडे बसवलेला असतो. पेट्रोलचा फवारा व्हॉल्व्हच्या पाठीवरच उडतो. म्हणजे त्याची बसल्या जागी रोजची आंघोळ होते आणि पेट्रोलमध्ये मिसळलेलं डिटर्जंट साबणाचं काम करतं. माझ्या भाच्याची गाडी मात्र नव्या वळणाची, टर्बो, डायरेक्ट इंजेक्शनवाली. तिच्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडतात. व्हॉल्व्हला पेट्रोलचा थेंब दिसत नाही. वाट्याला येते ती फक्त इंजिनातून फिरून आलेल्या तेलाच्या वाफेची काजळी. तिथे टाकीत औषधाच्या बाटल्या ओतून उपयोग शून्य. औषध व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही! काजळी फार साचली तर इनटेकचा भाग उतरवून हवेच्या दाबाने अक्रोडाच्या टरफलांचा चुरा मारतात. टरफल काजळी खरवडण्याइतकं कठीण आणि धातूला ओरखडा न जाण्याइतकं मऊ. हे ऐकून भाचा म्हणाला, "मामा, मला कुणी अक्रोड देत नाही आणि गाडीला?" मी म्हटलं, "तुला गर मिळतो म्हणून तर तिला टरफलं मिळतात."

क्लीनिंगमध्येही तीन प्रती आहेत. पहिली म्हणजे टाकीत ओतायची बाटली. तिच्यात पीईए नावाचं चांगलं डिटर्जंट असेल तर थोडीफार काजळी निघते. नाहीतर पेट्रोलला वास येतो, एवढाच लाभ. दुसरी, इंजेक्टर जागेवरच ठेवून नळी जोडून औषध पाजायचं. सर्व्हिस सेंटरवाली बहुधा हीच. आधी किती घाण होती आणि नंतर किती गेली, हे तुम्हीही पाहत नाही आणि तेही. तिसरी, इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिक यंत्रात धुवायचे आणि चारी इंजेक्टरांच्या पिचकाऱ्या आखलेल्या काचेच्या नळ्यांत मोजायच्या. धुण्याआधी एकदा, धुतल्यावर एकदा. यात खरं-खोटं डोळ्यांना दिसतं. मेस्त्री म्हणाले, "तक्रार असेल तर ही तिसरी करा. नसेल तर चांगल्या पंपावर पेट्रोल भरा, एअर फिल्टर बदला आणि गप बसा."

पेट्रोलचं त्यांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. अमेरिकेत एएए ही मोटारवाल्यांची जुनी संस्था आहे. तिने २०१६ साली तपासणी केली. पेट्रोलमध्ये किमान डिटर्जंट घालण्याची सक्ती तिथे १९९५ पासून आहे. त्याहून जास्त घातलेलं पेट्रोल आणि जेमतेम घातलेलं पेट्रोल अशी तुलना केली. ४,००० मैलांच्या, म्हणजे सुमारे ६,४०० किलोमीटरच्या चालीनंतर जेमतेमवाल्या पेट्रोलने व्हॉल्व्हवर सरासरी १९ पट जास्त काजळी धरली. रोज दात घासणं आणि वर्षातून एकदा दातांच्या डॉक्टरांपुढे आ करणं, यातला हा फरक.

घरी येऊन मी हे सगळं हिच्यापुढे मांडलं. ही बँकेतून निवृत्त झालेली. ऐकून घेतलं आणि आत जाऊन एक वही घेऊन आली. गाडी घेतल्यापासून प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल आणि त्यावर पडलेले किलोमीटर, तारीखवार! २०१५ सालची सरासरी लिटरला १६.१, गेल्या वर्षीची १५.८.

"अहो, दहा वर्षांत पॉइंट तीन," ती म्हणाली. "तुमचं चालणं याहून जास्त कमी झालंय. तुम्हाला कुठे नळी लावली आपण?"

"पण घाटात..."

"मेस्त्रींना विचारा, घाटात गाड्या कशाने बंद पडतात."

मेस्त्रींनी बोटं मोडून सांगितलं. बॅटरी, कूलंट, पंख्याचा पट्टा, टायर आणि पेट्रोल संपणं. इंजेक्टरचा नंबर बराच खाली. बॅटरी तपासली, चार वर्षांची झाली होती आणि सेल्फ मारताना मान टाकू लागली होती. रेडिएटरचा होज पाइप हाताने दाबला तर पापडासारखा कडकडला. दोन्ही बदलले, स्टेपनीत हवा भरली. ३,५४० रुपयांवर थोडी भर पडली, पण जुना पाइप हातात मिळाला. आपल्या पैशाचं काय झालं, ते असं हातात धरून पाहायला मिळालं की मध्यमवर्गीय आत्मा शांत होतो.

आणि श्रावणात एका रात्री दीडला वाईहून फोन आला. शेजारच्या वहिनींचा. सासूबाईंना दम लागला होता. पाऊस मी म्हणत होता. मी किल्ली फिरवली तेव्हा ही शेजारी बसून काही बोलली नाही. फक्त हात डॅशबोर्डवर ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. गाडी पहिल्या सेल्फला उठली. खंबाटकीत ढग खाली उतरलेले, पुढच्या ट्रकचा दिवा तेवढा दिसत होता. आम्ही दोघंही बोलत नव्हतो, इंजिनाचा आवाज ऐकत होतो. पहाटे सासूबाईंना साताऱ्याला दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी बऱ्या होऊन बाहेर आल्या आणि गाडीत बसताना म्हणाल्या, "जावईबापू, एवढ्या पावसात गाडीला त्रास नाही ना झाला?"

यावरून क्लीनिंग निरुपयोगी ठरतं, असं मी म्हणणार नाही. एका रात्रीवरून काहीच ठरत नसतं. पण एवढं मात्र खरं, की ते क्लीनिंग केलं असतं तर त्या रात्रीचं सगळं श्रेय त्या ३,५४० रुपयांना गेलं असतं आणि मी दरवर्षी ते भक्तिभावाने भरत राहिलो असतो. ज्या औषधाची परीक्षाच होत नाही, ते कधी नापास होत नाही.

यंदा पुन्हा सर्व्हिसिंगला गेलो. तोच तरुण, तोच टॅब, तोच काळा व्हॉल्व्ह. "सर, यंदा तरी..." मी वहीतले आकडे सांगितले. तो ऐकत राहिला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "टार्गेट असतं सर. महिन्याला इतकी क्लीनिंग दाखवावी लागतात."

मला त्याची दया आली. बाहेर त्याची मोटरसायकल उभी होती, नवी. २०२० नंतरची, म्हणजे तिलाही बहुधा इंजेक्टर असणार.

"तुझ्या गाडीचं क्लीनिंग कधी केलंस रे?" मी विचारलं.

"माझ्या?" तो मनापासून दचकला. "छे सर! ती मस्त चालतेय की!"